बैलाचा सोमवार, माणसाचा रविवार

आपल्या सातारा-सांगलीकडच्या एखाद्या जुन्या शेतकऱ्याला विचारा, "सोमवारी बैल औताला का जुंपत नाही?" तो म्हणेल, "आज महादेवाचा वार. नंदीच्या मानेवर जू ठेवायचं नसतं." मुक्या जिवाला आठवड्यातून एक दिवस विसावा, ही आपली जुनी रीत.

पण ह्याच मुलखातली माणसं पोटासाठी मुंबईच्या गिरण्यांत गेली, तेव्हा त्यांना असा हक्काचा वार नव्हता. हे दुखणं हाती घेतलं नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी. ते जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी. आणि जोतीरावांच्या घराण्याचं मूळ गाव म्हणजे साताऱ्याच्या खटाव तालुक्यातलं कटगुण. १८८० पासून लोखंडे 'दीनबंधु' पत्र चालवीत. १८८४ साली त्यांनी सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांचा अर्ज सरकारी कमिशनकडे दिला. त्यांत मागितलं तरी काय? रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, आणि पगार वेळेवर. आज ऐकताना वाटतं, एवढंच? पण तेवढंही मिळत नव्हतं.

सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तिथं दोन कामगार बायकाही उभ्या राहून बोलल्या. अखेर १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघानं रविवारची सुटी मान्य केली. १८९१ च्या कायद्यानं आठवड्याच्या सुटीवर शिक्का मारला. पुढं कामाचा आठवडा १९२२ साली ६० तासांवर, १९३४ च्या कायद्यानं बारमाही कारखान्यांत ५४ वर, आणि १९४६ च्या दुरुस्तीनं ४८ वर आला.

आता आपल्या शिवारात पाहा. साखर कारखान्याच्या आतल्या कामगाराला सुटीचा वार आहे. बाहेर फडात कोयता चालवणाऱ्याला मात्र टनावर मजुरी. वर मुकादमाची उचल फेडायची. आजारपणानं एक दिवस बुडाला, तरी तो 'खाडा' म्हणून पैसे कापतात.

गुरुजी, गिरणी कामगारांना रविवारची सुटी कशी मिळाली, हे मुलांना सांगाल तेव्हा लोखंड्यांचं नाव जरूर सांगा. आणि फडावरचं एखादं पोर वर्गात असेल, तर त्याच्या आईबापांचा रविवार कोणता, हेही सगळ्या वर्गाला विचारा.