चोरांना नको असलेल्या फ्लॉप्या

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ म्हटलं की आपल्याकडे अनेकांना डॉसवरचा गेम आठवतो. पण जॉर्डन मेक्नरने तो आधी ‘ॲपल टू’ या घरगुती कॉम्प्युटरसाठी लिहिला. १९८९मध्ये तो फ्लॉपीवर विकायला आला. २०१२मध्ये मेक्नरच्या वडिलांना जुन्या फ्लॉप्यांचा खोका सापडला, त्यातून सोर्स कोड बाहेर काढता आला आणि आज तो कुणालाही वाचता येतो. सगळ्याच गेमच्या नशिबी असे वडील नव्हते.

फ्लॉपीवरचं चुंबकीय लिखाण वर्षांगणिक पुसट होत जातं. मग वेळीच कॉपी का करून ठेवली नाही? कारण कॉपी होऊ नये, याचीच सोय कंपन्यांनी केली होती.

१९७८च्या ‘डिस्क टू’ ड्राइव्हमध्ये स्टीव्ह वॉझ्नियॅकने हार्डवेअरकडे कमीत कमी काम ठेवलं. फ्लॉपीवर माहिती कशी मांडायची, हे बरंचसं सॉफ्टवेअर ठरवायचं. पुढे रूढ झालेल्या मांडणीत ३५ ट्रॅक, प्रत्येकावर १६ सेक्टर आणि प्रत्येक सेक्टरमध्ये २५६ बाइट, म्हणजे एकूण १४० केबी. सेक्टर कुठे सुरू होतो हे कळावं म्हणून त्याआधी तीन ठरावीक बाइट असत : डी५, एए, ९६.

कुलूप इथेच बसायचं. यातला एक बाइट बदलला की साध्या कॉपी प्रोग्रॅमला सेक्टर सापडतच नसे. कुणी दोन ट्रॅकच्या मधल्या जागेत माहिती लिहिली. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या फ्लॉपीवर तर एका ट्रॅकवर १८ सेक्टर बसवले होते, जागाही वाढली आणि कुलूपही लागलं.

तरी एक फट राहायचीच. कॉम्प्युटर सुरू होताना कंट्रोलर कार्डवरचा रॉम फ्लॉपीचा पहिला सेक्टर वाचतो, आणि त्याला फक्त ठरलेली मांडणीच कळते. त्यामुळे बाकी कुलूप कितीही अवघड असलं, तरी पहिला सेक्टर साधा ठेवणं भाग होतं. तिथून कोडचा माग काढत गेलं की कुलूप उलगडतं. रोज डीबगर घेऊन बसणाऱ्या माझ्यासारख्याला या जुन्या कोड्यांचा मोह पडतो, तो याचमुळे.

ऐंशीच्या दशकातल्या क्रॅकर पोरांनी हेच केलं. कुलूप काढलं, जागा वाचवायला कधी सुरुवातीची चित्रं छाटली, वर स्वतःची टोपणनावं झळकवली. ही चोरीच होती, पण तिच्यामुळे कित्येक गेम टिकले. मात्र त्यांना हवे होते मारधाडीचे गेम. स्पेलिंग आणि अपूर्णांक शिकवणारे शाळकरी प्रोग्रॅम चोरायचे कुणाला? ते आपापल्या कुलूपबंद फ्लॉप्यांतच अडकून पडले.

‘४एएम’ या टोपणनावाच्या व्यक्तीने गेल्या दशकात मुद्दाम असे प्रोग्रॅम हाती घेतले. कुलूप काढलेली प्रत ‘इंटरनेट अर्काइव्ह’वर ठेवायची आणि सोबत ते कसं उघडलं याची सविस्तर टिपणं, असा शिरस्ता. ही टिपणं हेरकथेसारखी वाचता येतात. पुढे बरंचसं काम आपोआप करणारा ‘पासपोर्ट’ नावाचा प्रोग्रॅमही याच व्यक्तीने लिहिला.

पण कुलूप काढलं की मूळ वस्तू बदलते. म्हणून जॉन मॉरिसचं ‘ॲपलसॉस’ फ्लॉपीवरचे चुंबकीय बदलच टिपून घेतं. २०१८मध्ये आलेल्या ‘वॉझ’ फाइलमध्ये कुलूप जसंच्या तसं राहतं आणि एम्युलेटरवर तो गेम मूळ फ्लॉपीसारखा चालतो. मला दोन्ही प्रती हव्याशा वाटतात : एक सहज उघडण्यासाठी, दुसरी त्या काळच्या कारागिरीची साक्ष म्हणून.

२००३मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने कालबाह्य माध्यमांवरची अशी कुलपं उघडायला कायद्यातून सूट दिली. तोवर कित्येक फ्लॉप्या वीस वर्षं जुन्या झाल्या होत्या.

आपल्या फोनमधल्या अनेक गेमचं कुलूप तर फोनमध्ये नसतंच. ते कंपनीच्या सर्व्हरवर असतं. तो सर्व्हर बंद झाला, की माग काढायला आपल्या हाती पहिला सेक्टरसुद्धा उरत नाही.