‘केडीएम’ या तीन अक्षरांचा इतिहास

दिवाळीच्या आधी देऱ्यातल्या सोन्याच्या बाजारात आपली मराठी मंडळी हमखास भेटतात. गावाकडचा जुना दागिना मोडीत देताना कुणीतरी दुकानदाराला बजावते, “केडीएमचा आहे हो, घट धरू नका!” शुद्धतेची ग्वाही म्हणून हा शब्द आपल्या घरांत रुळला. वास्तविक ते कॅडमियम नावाच्या विषारी धातूचे बाजारी नाव आहे. रसायनशास्त्र हा आमच्या पोटापाण्याचा विषय, म्हणून या धातूची कुळकथा वाचकांपुढे ठेवत आहोत.

आधी सोनाराची अडचण समजून घेऊ. दागिन्याचे तुकडे जोडायला डाख लागतो, आणि तो दागिन्याच्या आधी वितळला पाहिजे. त्यासाठी जुने कारागीर सोन्यात तांबे व चांदी मिसळत. अशा डाखात सोने ढोबळमानाने साठ टक्के असे. २२ कॅरटच्या ५० ग्रॅम मोहनमाळेत तीन ग्रॅम डाख गेला, तर आटवल्यावर जवळजवळ एक ग्रॅम शुद्ध सोने कमी भरते. गिऱ्हाईक आणि सोनार यांच्यातली निम्मी भांडणे याच ग्रॅमावरून होत. मग ९२ टक्के सोने आणि ८ टक्के कॅडमियम असा डाख आला आणि हिशेब जुळला. १९९० साली सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला, पेढ्या वाढल्या, आणि त्या दशकात ‘केडीएम’च्या पाट्या सर्वत्र झळकू लागल्या.

यातली मेख अशी. कॅडमियम ७६७ अंश सेल्सियसला उकळते. हा डाख वितळायला त्याहून जास्त आच लागते. म्हणजे फुंकणीच्या ज्योतीखाली कॅडमियमचा काही भाग वाफ होऊन उडतो, हवेत जळतो आणि त्याचा बारीक धूर शेगडीवर ओणवलेल्या माणसाच्या छातीत जातो. धूर घशाला फारसा लागत नाही, हे आणखी वाईट. काही तासांनी खोकला, कणकण, अंगदुखी सुरू होते. माणूस समजतो सर्दी-ताप आहे. मात्रा जास्त असेल तर एक-दोन दिवसांत फुप्फुसात पाणी होऊन जीवही जातो.

आणि हे काही नवे ज्ञान नव्हते! १८१७ साली जर्मनीत श्ट्रोमायर यांनी हा धातू शोधला. त्यांच्याकडे आलेले जस्ताचे कार्बोनेट लोह नसतानाही तापवल्यावर पिवळे पडे, त्यावरून त्यांना संशय आला. १८५८ मध्ये बेल्जियममध्ये चांदी चकचकीत करायच्या कॅडमियमयुक्त भुकटीने नोकरमाणसे आजारी पडल्याची नोंद झाली. स्वीडनच्या लार्स फ्रीबर्ग यांनी बॅटरी कारखान्यातले कामगार तपासून १९५० साली दाखवून दिले, की फुप्फुसांबरोबर मूत्रपिंडेही निकामी होतात आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. शरीर या धातूला सहजी सोडत नाही. मूत्रपिंडातला साठा निम्म्यावर यायला दहा ते तीस वर्षे लागतात.

जपानची कथा मात्र धुराची नाही, भाताची आहे. तोयामा प्रांतातून वाहणाऱ्या जिंझू नदीच्या वरच्या अंगाला कामिओका येथे मित्सुई कंपनीची जस्त-शिशाची खाण होती. तिचे पाणी नदीत, नदीचे शेतात, आणि कॅडमियम तांदळात. बाधा झाली ती मुख्यतः प्रौढ बायकांना, अनेक बाळंतपणे झालेल्या. मूत्रपिंडे बिघडून हाडे इतकी ठिसूळ झाली, की खोकल्यानेही मोडत. त्या कण्हत ‘इताई, इताई’ म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’, आणि रोगाला तेच नाव पडले. गावचे डॉक्टर नोबोरू हागिनो यांनी खाणीकडे बोट दाखवले. सरकारने १९६८ मध्ये कारण मान्य केले, रोगी १९७१ साली खटला जिंकले आणि १९७२ मध्ये अपिलातही तोच निकाल राहिला. शेतजमीन सुधारण्याचे काम २०१२ पर्यंत चालले.

१९९३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने कॅडमियम माणसात कर्करोग करते असे जाहीर केले. नेमक्या त्याच वर्षांत आपण पेढीवर ‘केडीएमच दाखवा’ म्हणत होतो. कारागिराची चलाखी पकडण्याच्या नादात त्याच्या श्वासाचा विचार कुणी केला नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

भारतात २००० साली सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्क सुरू झाला आणि जून २०२१ पासून तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. कॅडमियमच्या जागी जस्त, इंडियम यांचे डाख आले. युरोपीय संघाने २०११ साली दागिन्यांतल्या कॅडमियमवर बंदी घातली.

घरातल्या बायकांनी घाबरून जाऊ नये. धातूत मुरलेले कॅडमियम त्वचेतून शरीरात फारसे जात नाही. लहान मुलांना मात्र असला दागिना चघळू देऊ नये. खरा प्रश्न लॉकरमध्ये पडलेल्या केडीएमचा आहे. ते कधीतरी मुशीत जाणारच. भारतभर सोने-चांदी आटवण्याच्या धंद्यात विटा-खानापूर-आटपाडीकडची आपली गलाईवाली मंडळी पिढ्यान् पिढ्या आहेत. तोंडाला बांधलेल्या रुमालाने हा धूर अडत नाही. त्याला खेचून घेणारे धुराडेच हवे. तेव्हा दागिना मोडीत देताना तो केडीएमचा असल्याचे जरूर सांगावे. मूस धुराड्याखाली ठेवायची, हे आटवणाऱ्याला त्यावरून कळते.