मणी, गाठ आणि धोटा

सुताच्या गाठींत मणी गुंफून कर्णफुले, गळसऱ्या व मनगटपट्ट्या करण्याची जी कला आपल्या घरांत ‘टॅटिंग’ या परक्या नावाने ओळखली जाते, ती बाहेरून आलेली, फावल्या वेळची एक हौस आहे, अशी सामान्य समजूत आढळते. ही समजूत अर्धीच खरी आहे. नागपुरात उभे राहून या कलेकडे पाहिले म्हणजे तिची तीन अंगे, मणी, गाठ आणि धोटा, वेगवेगळी दिसू लागतात. आणि त्यांपैकी दोन तरी आपल्याच अंगणातली आहेत, हे ध्यानी येते.

प्रथम मणी घेऊ. नागपूरपासून थोड्याच कोसांवर माहुरझरी म्हणून एक गाव आहे. तेथील शिळावर्तुळांचे व जुन्या वस्तीचे उत्खनन नागपूर विद्यापीठाच्या वतीने डॉ. शां. भा. देव यांनी १९७० ते १९७२ या काळात केले. अकीक, कार्नेलियन इत्यादी दगडांचे मणी घडविणारे ते एक मोठे प्राचीन केंद्र होते, हे आता सर्वमान्य झाले आहे. लोखंड वापरणारे ते लोक आजपासून दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी कठीण दगडास बारीक वेज पाडीत होते. वेज पाडला म्हणजे ओवणे आलेच. आणि ओवणे आले म्हणजे सूतही आले व गाठही आली. दगड टिकला, सूत मातीस मिळाले, एवढाच काय तो भेद.

गाठीचा वारसा पटवेकऱ्याने चालविला. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातीजमातींवर लिहिलेला चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात पटवा या जातीस स्वतंत्र स्थान दिले आहे. रेशमाचे गोंडे व दोरे करावे, पोत ओवावी, सोन्याचे मणी सुतात गाठवून द्यावे, हा त्यांचा व्यवसाय. सोनाराने घडविलेला दागिना गळ्यात घालण्याजोगा होतो तो पटवेकऱ्याच्या गाठीमुळे. पण दागिन्याची प्रशंसा करताना सोनाराचे नाव निघते, पटवेकऱ्याचे क्वचितच.

राहिला धोटा. नागपूरच्या कोष्ट्यांच्या मागावर धोटा पिढ्यान्‌पिढ्या धावला. परंतु बोटभर लांबीचा हा हातातला धोटा मात्र यूरोपातूनच आला. अठराव्या शतकात तेथील श्रीमंत स्त्रिया मोठ्या धोट्याने सुताला ओळीने गाठी मारीत व तो दोरा मग कापडावर शिवीत. चित्रकार रेनल्ड्झ याने काढलेल्या आल्बमार्लच्या काउंटेसच्या चित्रात तिच्या हाती असा धोटा आहे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गाठींच्या कड्या करून त्या एकमेकींस जोडण्याची रीत रूढ झाली, लंडनमध्ये तिच्यावर पुस्तके निघाली, आणि जाळी स्वतंत्रपणे उभी राहिली. दोन गाठींमध्ये सोडलेल्या सुताच्या लहानशा वेढ्यास फ्रेंच लोक ‘पिको’ म्हणतात. लुगड्याच्या काठास पिको करून घेणाऱ्या आमच्या भगिनींस हा शब्द नवा नाही.

आता कृती. मणी आधी सुतात ओवावयाचे आणि मगच ते सूत धोट्यावर गुंडाळावयाचे. सहा कड्यांच्या फुलास दर कडीमागे तीन मणी हवे असतील तर अठरा मोजून घ्यावे. मोजणीत एक कमी पडला तर सूत तोडण्यावाचून गत्यंतर नाही. प्रत्येक कडीचे मणी डाव्या हाताभोवतीच्या फेऱ्यात घेऊन, गाठी मारता मारता ते आपापल्या जागी सरकवीत जावे. खरी मेख मात्र गाठीतच आहे. गाठ मारतो धोट्याचा दोरा. पण ताण देताच ती उलटून हातावरच्या दोऱ्याची झाली पाहिजे, आणि धोट्याचा दोरा तिच्यातून सरळ, मोकळा राहिला पाहिजे. ती उलटली नाही तर कडी मिटतच नाही. पुस्तक दहादा वाचून जे साधत नाही, ते शेजारी बसलेल्या जाणत्या बाईची बोटे पाहून एका दुपारी साधते. क्रोशाची जाळी टोक ओढताच उसवत जाते. ही जाळी तशी उसवत नाही, म्हणूनच ती दागिन्यास शोभते.

अशा चिवट कामास फ्रेंचांनी नाव दिले ‘फ्रिव्होलिते’, म्हणजे पोरखेळ! हा केवळ शब्दाचा विनोद असता तर आम्ही तो सोडून दिला असता. परंतु नावावरून मोल ठरते. आंध्रातील नरसापूर येथे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी क्रोशाच्या लेसचे काम सुरू केले, ते वाढत जाऊन परदेशी जाऊ लागले. मारिया मीस या विदुषीने १९८२ साली त्यावर ग्रंथ लिहून दाखवून दिले की, दिवसाचे कित्येक तास राबणाऱ्या तेथील स्त्रियांस कोणी कामकरी मानीतच नसे. त्या गृहिणी, आणि त्यांचे श्रम म्हणजे फावला वेळ! मजुरीही त्याच हिशेबाने मिळे. याच्या उलट, १९०९ साली पुण्यास रमाबाई रानडे यांनी सेवासदन सुरू केले, तेव्हा शिवण व हस्तकला यांचे शिक्षण स्त्रीच्या स्वावलंबनासाठी म्हणून दिले गेले. सुई तीच, सूत तेच. पाहण्याची दृष्टी तेवढी निराळी.

माहुरझरीच्या मण्यांवर आज ग्रंथ आहेत. ते ओवणाऱ्या हातांविषयी एक अक्षरही नाही, कारण सूत टिकले नाही. आपल्या आज्या-मावश्यांनी गुंफलेली फुले अजून पेट्यांतून आहेत. त्यांतील प्रत्येकीसोबत करणारीचे नाव, गाव आणि साल लिहिलेली एक चिठ्ठी ठेवणे, एवढे इतिहासकार्य तरी प्रत्येक घरास सहज करता येण्यासारखे आहे. रुखवतात मांडलेल्या वस्तूंचे कौतुक करताना ‘हे कोणी केले?’ असे आपण विचारतोच. त्याचे उत्तर लिहून ठेवावे, इतकेच आमचे मागणे आहे.