वैमानिकांचा श्रमभार आणि त्याच्या मापनाची भाषा

विमान चालविण्यास किती माणसे लागतात, हा प्रश्न अमेरिकेत काही काळ विमानाच्या वजनावरून सोडविला जात असे. १९४८ च्या नियमान्वये चार इंजिनांच्या व ८०,००० पौंडांहून अधिक वजनाच्या विमानात दोन वैमानिकांखेरीज अभियंताही आवश्यक ठरला. १९६५ मध्ये ही मर्यादा जाऊन तिच्या जागी श्रमभाराची कसोटी आली. विमानाचे वजन काट्यावर कळते. मनावरचा भार कशाने मोजावयाचा?

दुसऱ्या महायुद्धात केंब्रिज येथे केनेथ क्रेक यांनी विमानकक्षाची प्रतिकृती उभारून थकलेल्या वैमानिकांच्या चुका तपासल्या होत्या. परंतु चुकांची मोजणी अपुरी पडते. कसलेला वैमानिक भार वाढला तरी अधिक कष्ट घेऊन काम बिघडू देत नाही. बाहेरून पाहणाऱ्यास काहीच दिसत नाही. तेव्हा त्यालाच विचारणे प्राप्त झाले, आणि येथे मापनाचा प्रश्न शब्दार्थाचा प्रश्न बनला.

जॉर्ज कूपर यांनी १९५७ मध्ये वैमानिकांच्या अभिप्रायांसाठी एक श्रेणी मांडली. रॉबर्ट हार्पर यांच्यासह १९६९ मध्ये तिला सुधारित रूप देताना त्यांनी संज्ञांच्या व्याख्यांवर विशेष भर दिला, हे मला आकड्यांहून महत्त्वाचे वाटते. वैमानिकाने एकदम आकडा सांगावयाचा नाही. विमान ताब्यात राहते काय, सह्य श्रमांत पुरेसे काम साधते काय, अशा प्रश्नांना होय-नाही म्हणत त्याने १ ते १० यांपैकी एका अंकाशी पोहोचावयाचे. कोशकारालाही हेवा वाटावा अशी ही शिस्त आहे!

तिसऱ्या माणसाचा वाद मात्र मिटला नव्हता. वैमानिकांच्या संघटनेचा विरोध असता, १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या मंडळाने नव्या विमानांस दोन वैमानिक पुरेसे असल्याचा निर्वाळा दिला. एका व्यवसायाचे भवितव्य अशा निर्णयांवर अवलंबून होते.

१९८८ मध्ये सँड्रा हार्ट व लोवेल स्टेव्हलँड यांनी नासाची सहा अंगांची श्रेणी प्रसिद्ध केली. मानसिक भार, शारीरिक श्रम, वेळेची निकड, कार्यसिद्धी, प्रयत्न आणि फ्रस्ट्रेशन ही ती अंगे. पाच अंगांच्या रेषा कमीकडून अधिकाकडे जातात. कार्यसिद्धीची मात्र उत्तमाकडून अपयशाकडे. घाईत खूण करणारा येथे हमखास फसतो. शेवटच्या अंगासाठी मराठीत ‘वैफल्य’ लिहावे तर आयुष्यभराची निराशा सूचित होते, ‘चिडचीड’ लिहावे तर केवळ त्रागा. आणि ज्या शब्दावर खूण करावयाची तो बदलला की खुणेची जागाही सरकते.