अंगठा, पडदा आणि राईनपाडा

परवा वसमतहून भाच्याचा फोन. तो तिकडे शाळेत शिक्षक आहे. "मामा, पोरांना मोबाईलवर नीट वागायला शिकवायचंय. व्हीआर हेडसेट घालून जमेल का? तुम्ही सॉफ्टवेअरवाले, सांगा." मी 'हो' म्हणून बसलो, आणि मग सगळा शनिवार जुनं वाचण्यात गेला.

सुरुवात १९६१ ची. अमेरिकेत येल विद्यापीठात स्टॅनली मिलग्रॅमने लोकांना सांगितलं, पलीकडच्या खोलीतला माणूस चुकला की विजेचा झटका द्या, दर वेळी वाढवत. (झटका खोटा, ओरडणाराही सामील. पण हे त्यांना माहीत नव्हतं.) ४० पैकी २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले. तोच माणूस त्याच खोलीत आणून बसवला तेव्हा ४० पैकी १६.

आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही. म्हणून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात मेल स्लेटर आणि मंडळींनी तो आभासी खोलीत केला. निष्कर्ष २००६ मध्ये छापले. झटके खाणारी बाई संगणकाने काढलेली, आणि ते सगळ्या ३४ जणांना आधीच ठाऊक! २३ जणांना ती दिसत होती, ऐकू येत होती. ११ जणांना फक्त तिची टाइप केलेली उत्तरं. ते अकराही जण वीसच्या वीस झटके देऊन मोकळे झाले. दिसणाऱ्यांपैकी सहा जणांनी मात्र वीस पुरे केले नाहीत.

झालं की काम, म्हटलं. समोरचा दिसला की हात आखडतो. आणि तेवढ्यात राईनपाडा आठवला.

१ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातला आठवडी बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. भिक्षा मागत गावोगाव फिरणारी माणसं. मुलं पळवणारी टोळी आलीय, या व्हॉट्सॲपवरच्या अफवांनी तो भाग आधीच बिथरलेला. जमावाने पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत ठार मारलं. त्याच रात्री मालेगावात अशाच जमावातून पाच जणांना पोलिसांनी वाचवलं. त्यात एक लहानगं होतं.

वसमतला आमच्या दारातही गोसावी, वासुदेव, बहुरूपी यायचे. आजी सुपात ज्वारी घेऊन बाहेर जायची. कोण, कुठला, हे काही विचारायची नाही.

राईनपाड्यात तर माणसं डोळ्यांसमोर होती. पण त्यांच्यात काय बघायचं ते मेसेजने आधीच ठरवून टाकलं होतं. त्या वर्षी देशभर फिरलेली एक क्लिप आठवते? मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यातून पोर उचलतात. ती कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी बनवलेली फिल्म होती. शेवटी ते पोर परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात. तो शेवट कुणीतरी कापला. म्हणजे मुळात तोही एक धडाच होता!

जुलै २०१८ मध्येच व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा जाहीर केली. आम्हा प्रोग्रामर लोकांना असले उपाय फार आवडतात, एक अट घातली की झालं. असो.

भाच्याला कळवलं ते असं. पोराला जमावात उभं करू नकोस, त्याचा गेम होईल. आधी कापलेली क्लिप दाखव, फॉरवर्ड करायचं तर करू दे. मग हेडसेट घालून बाजारात उतरव, खांद्यावर झोळी, भाषा परकी. आणि आजूबाजूच्या फोनांवर त्याचाच मेसेज वाजू दे. मारहाण दाखवायची नाही. तिथेच बंद.

"आणि मामा, गर्दीतल्या एकट्यानं काय करायचं असतं, असं पोरांनी विचारलं तर?"

तो सीन अजून लिहायचाय. शिवाय हेडसेट एक आणि पोरं साठ. तोवर कराचीची फिल्म शेवटापर्यंत दाखवायची, असं ठरलंय.