जुन्या छपराचे लाकूड

मंदिराच्या जीर्णोद्धारप्रसंगी सभामंडपाचे जुने छप्पर उतरविण्यात आले. काजळीने काळ्या पडलेल्या तुळया, खांब व वासे अंगणात रचले गेले. ‘सगळे सागवानच’ असे वडीलधारी मंडळी सांगत. ‘जुनेपुराणे लाकूड, जळणाला द्या’ असेही काहींचे मत पडले. तेव्हा निर्णयापूर्वी लाकूड ओळखावे, असे ठरले.

वरच्या रंगावरून लाकूड ओळखत नाही. सुतारमंडळींनी प्रत्येक नगाचे टोक धारदार पटाशीने आडवे तासले, किंचित ओले केले व भिंगाने पाहिले. सागवानात दरवर्षीच्या वाढीच्या आरंभी मोठ्या छिद्रांची ओळ दिसते. हाताला तेलकटपणा लागतो आणि जुन्या चामड्यासारखा वास येतो. ऐन गडद तपकिरी, काळसर रेघांचा व सागवानाहून पुष्कळ जड. फणसाची छिद्रे मोठी पण विखुरलेली. वरून तपकिरी दिसला तरी आतून पिवळा निघतो. त्याचा भुसा पाण्यात उकळला की पिवळा रंग उतरतो. शंका उरल्यास डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेकडे (स्थापना १९०६) नमुना पाठविता येतो.

खांब सागवानी निघाले, वासे ऐनाचे. पण मधली मोठी तुळई मात्र फणसाची! कित्येकांचा हिरमोड झाला. वास्तविक अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे.

अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराच्या लाकडाविषयी स्पष्ट निर्बंध आहे. सागवानादी लाकूड अरण्यातून परवानगीने तोडावे. आंबा-फणसही आरमाराच्या उपयोगाचे, परंतु त्यांस हात लावू नये, कारण रयतेने ही झाडे लेकरांप्रमाणे जतन करून वाढविलेली असतात. झाड अगदीच जीर्ण झाले असेल, तर धन्यास राजी करून, मोल देऊन मगच तोडावे. सागवान रानातून येई. फणस बहुधा कोणाच्या तरी परसातला. म्हणजे आपली तुळई ही गावातील कोणा घराने दिलेली असण्याचाच संभव अधिक. दात्याचे नाव कोठे कोरलेले नाही, एवढेच.

सडलेली टोके कापून ही तुळई पुन्हा सभामंडपातच चढविली आहे. या स्मरणिकेत देणगीदारांची यादी छापली आहेच. वाचकांनी ती वाचताना एकवार वर पाहावे. त्या यादीतील पहिले, अनामिक नाव तेथे आहे.