मंत्रचळ, व्यसन आणि न विचारलेला प्रश्न

हात धुऊन धुऊन ज्याची कातडी सोलवटली आहे, लावलेले कुलूप जो दहा वेळा परतून ओढून पाहतो, त्याला मंत्रचळ लागला असे आपण म्हणतो. आणि ज्याचे पाऊल रोज गुत्त्याकडे वळते त्याला व्यसनी. शब्द दोन, म्हणून माणसेही दोन, अशी आपली समजूत. पण ही दोन्ही दुखणी एकाच देहात नांदत असली तर? हा प्रश्न नीट विचारावयास वैद्यकाला दीडशे वर्षे लागली.

१८३८ साली एस्किरोल या फ्रेंच वैद्याने एका व्यापाऱ्याच्या मुलीची हकीकत लिहून ठेवली. दुसऱ्याची चीजवस्तू आपल्या कपड्यांत अडकून येईल, या धास्तीने ती सदैव कपडे झटके, हात चोळी. हे वेड आहे हे तिला पुरते कळत होते. कळत असूनही थांबता येत नव्हते. १८४९ साली माग्नुस हूस या स्वीडिश वैद्याने दारूच्या जुनाट विकाराला शास्त्रीय नाव दिले. नावे जवळजवळ एकाच काळातली. पण पुढे दोघांचे संसार वेगळे झाले.

प्रश्नावल्याही वेगळ्याच. अमेरिकेत जॉन यूइंग यांचे चार प्रश्न १९८४ साली मोठ्या वैद्यकीय नियतकालिकातून सर्वांपुढे आले: पिणे कमी करावे असे वाटले का? लोकांच्या बोलण्याचा राग आला का? अपराधी वाटले का? सकाळी उठल्याबरोबर घ्यावी लागली का? १९८९ साली वेन गुडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मंत्रचळाची तीव्रता मोजणारी दहा कलमांची पट्टी प्रसिद्ध केली. एकीत मंत्रचळाचे नाव नाही, दुसरीत दारूचे नाही!

डोळे उघडले ते घरोघर केलेल्या पाहणीने. अमेरिकेतील पाच ठिकाणच्या या पाहणीतून १९८८ साली दिसले की, अत्यंत विरळ मानलेला मंत्रचळ शंभरांत दोघा-तिघांना आयुष्यात केव्हातरी होतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मंत्रचळाच्या ३२३ रुग्णांपैकी २७ टक्क्यांना कधी ना कधी व्यसनाने ग्रासलेले आढळले. त्यांतील ७० टक्के लोकांनी सांगितले, की मंत्रचळ निदान वर्षभर आधी आला, व्यसन मागून. जीव घाबरा करणाऱ्या विचारांवर पेला हा उतारा वाटावा, हे समजण्याजोगे आहे; पण उतारा उतरला की भीती पुन्हा उभी राहते.

म्हणून व्यसनमुक्तीच्या दाराशी मंत्रचळाविषयी विचारावे आणि मनोविकारांच्या दाराशी दारूविषयी. १९९२ साली व्यसनमुक्ती केंद्रातील साठ रुग्णांवर केलेल्या प्रयोगात, ज्यांच्या मंत्रचळावरही सोबत इलाज झाला ते उपचारांत अधिक काळ टिकले.

अर्थात चाळणी म्हणजे निदान नव्हे. दारू सुटताना हात कापतात, जीव तगमगतो. तेव्हाचे उत्तर फसवे असते, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा विचारावे. आजीचे सोवळेही रोग नव्हे. ज्याने दिवसाचे तास गिळले, मन पोळले, तो रोग.

श्रोतेहो, एस्किरोलच्या त्या मुलीप्रमाणे हे रुग्ण शहाणे असतात, आणि म्हणूनच लाजतात. दोन लाजा एकमेकींच्या आड दडतात. त्यांना बाहेर काढावयास मोठे यंत्र लागत नाही. सौम्य आवाजात विचारलेले दोन प्रश्न पुरतात. मात्र दोन्ही विचारले पाहिजेत.